तीन सह्या

पालक : बाई, परवा लेकीने दोनशे रुपये मागितले. निरोप समारंभाची वर्गणी आधीच भरली होती, साडीचं तिच्या आईने पाहिलं होतं. हे पैसे स्लॅमबुकचे आणि चमकीच्या पेनांचे. दिले. पण तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. ती तुमच्याशीच बोलायची होती, कारण मुलांनी एकमेकांच्या वहीत लिहावं याचा तुम्हाला पहिल्यापासून फार जिव्हाळा. मला त्यात आता अर्थ उरलेला दिसत नाही. तिच्या वर्गाचे मोबाइलवर तीन ग्रुप आहेत : एक बाईंसकट, एक बाईंना वगळून, एक फक्त मुलींचा. कोणी डब्यात काय नेलं, कोणाचा भूमितीचा सराव राहिला, सगळं सगळ्यांना ठाऊक. अशा मुलांनी ‘टोपणनाव काय, आवडता रंग कोणता, आवडता हिरो कोण’ हे छापील रकाने भरून एकमेकांना नवीन काय सांगायचं? पान उलटा, पुन्हा तेच. पूर्वी ताटातूट खरी होती. शाळा सुटली की कोण कुठल्या गावी गेलं ते कळायचं नाही, म्हणून वहीत पत्ता लिहून घ्यायला कारण होतं. आता कारण गेलं आणि चाल तेवढी मागे राहिली. एप्रिलमध्ये ती वही माळ्यावर जाईल आणि घर बदलताना रद्दीत. मग ती नक्की कोणासाठी?

बाई : तू वहीत काय लिहिलंय ते बघतोस. मी तीस वर्षं मुलांना लिहिताना बघितलं आहे, म्हणून माझं मत वेगळं. मधल्या सुट्टीत एखादा मुलगा दुसऱ्याची वही पुढ्यात घेऊन बसतो. आधी स्वतःच्या वहीच्या मागच्या पानावर पेन चालवून बघतो. मग नाव लिहितो. मग लांबूनच वहीच्या मालकाकडे एकदा बघतो, आणि डावा हात कुंपणासारखा पानाभोवती धरून लिहायला लागतो. पाच मिनिटं लागतात, कधी दहा. तेवढा वेळ त्याच्या मनात दुसरं कोणी नसतं. हाच मुलगा निबंध गाइडमधून उतरवून आणतो. शाळेत मुलांच्या हातून जेवढं लिहून घेतलं जातं ते सगळं कोणीतरी तपासतं, त्याखाली लाल शाईची खूण होते आणि शेजारी गुण पडतात. दहा वर्षांत हे एकच लिखाण असं की जे मी तपासत नाही. शुद्धलेखन चुकलं तरी चुकू देते. ग्रुपवरचा निरोप एका बोटाने साठ जणांना जातो. वही मात्र एकेकाच्या बाकापाशी नेऊन द्यावी लागते, ‘माझ्यासाठी लिही’ म्हणावं लागतं, आणि तो लिहीपर्यंत वाट बघावी लागते. मागणाऱ्यालाही त्यात थोडं वाकावं लागतं, हे विसरू नकोस.

आणि ती ठरावीक चारोळ्या लिहितात म्हणशील, तर लिहू देत. हॉलंडमधल्या मुलींकडे अशाच वह्या असत. २८ मार्च १९४२ या दिवशी ॲमस्टरडॅममध्ये एका बारा वर्षांच्या मुलीने मैत्रिणीच्या थोरल्या बहिणीच्या वहीत आठ ओळी लिहिल्या. त्यातल्या पहिल्या चार तर एका जुन्या नियतकालिकातून उतरवलेल्या, उपदेश करणाऱ्या. तीन महिन्यांनी, जुलैच्या सुरुवातीला, ती नाझींपासून घरच्यांबरोबर लपून राहायला गेली. पुढे जिची डायरी जगभर वाचली गेली ती ॲन फ्रँक. २०१६ साली त्या पानाचा लिलाव झाला आणि त्याला १ लाख ४० हजार युरो मिळाले. शब्द उसने होते. हात तिचा होता.

पालक : ती पुढे ॲन फ्रँक झाली म्हणून पानाला मोल आलं. तिच्या शेजारच्या बाकावरच्या मुलीनेही लिहिलंच असेल, आणि लपायला तीही गेली असेल. पण ते राहू दे. उतरवलेल्या ओळींवर माझा राग नाही. माझा राग वाटपावर आहे. वही एकेकाकडे न्यावी लागते म्हणता, तेच तर दुखणं. ती सगळ्यांकडे जात नाही. काल माझ्या मुलीने सांगितलं, ‘पप्पा, माझ्या अडतीस सह्या झाल्या, वर्गातल्या एकीच्या फक्त अकरा.’ ‘फक्त’ हा शब्द ऐकून माझ्या पोटात कालवलं. ग्रुपमध्ये निदान सगळी नावं एका रांगेत तरी असतात. वहीत मात्र कोण कोणाला हवं आहे याची उघड मोजदाद होते, आणि ती मोजदाद पंधराव्या वर्षी होते, जेव्हा कातडी सगळ्यांत पातळ असते. अकरा सह्यांची ती मुलगी पुढे कितीही मोठी झाली तरी अकरा विसरेल असं वाटतं तुम्हाला?

आणि शर्टाचं बघा. शेवटच्या पेपरला परीक्षा केंद्राबाहेर मुलं एकमेकांच्या गणवेशावर मार्करने सह्या करतात, शाई उडवतात. मजा येते, मी नाही म्हणत नाही. पण ज्याचा शर्ट जूनमध्ये धाकट्या भावाला घालायचा असतो तो पोरगा काय करतो, ते मी बघितलं आहे. दप्तर छातीशी धरून तो भिंतीला पाठ लावून उभा राहतो. दोघा-तिघांना वाटतं, याला आपण नको आहोत. तो बिचारा शर्ट वाचवत असतो. अख्ख्या मुलखाला कापड पुरवणाऱ्या भिवंडीत एक शर्ट वाया घालवायची ऐपत किती घरांत आहे?

बाई : शर्टाबद्दल तुझं खरं आहे. मी वर्षानुवर्षं वर्गात सांगत आले की गणवेश खराब करू नका, आणि सांगताना मला वाटायचं की मी शिस्तीचं सांगते आहे. कोणाला नाइलाज आहे हे माझ्या लक्षात येईपर्यंत बरीच वर्षं गेली. त्यावर एक तोड माझ्या वर्गातल्या एका मुलीनेच काढली होती. तिचे वडील मागावर होते. तिने मालकाला विचारून, दोष निघाल्यामुळे बाजूला पडलेल्या ताक्यातलं दोन मीटर कोरं कापड आणलं. ते चार बाकांवर अंथरलं आणि म्हणाली, सगळ्यांनी यावर लिहा, मग मी फाडून वाटते. मी जवळून पाहिलं. कोऱ्या कापडावर बॉलपेन सरळ चालत नाही, टोक सुतात अडकतं. आडवी रेघ बरी येते, गोलाई आली की हात थांबतो. त्यामुळे सगळ्यांची अक्षरं पहिलीतल्या मुलांसारखी झाली. सुंदर अक्षराची मुलगी आणि कोंबडीच्या पायांचा मुलगा, दोघांत फरक राहिला नाही. मग मार्कर आला. ताण्याला खळ असल्यामुळे शाई फारशी पसरली नाही. मुलगी सगळ्यांना बजावत होती, ‘धुऊ नका, धुतलं की खळ जाईल.’ कात्रीने बारीक छेद देऊन तिने टर्रकन पट्ट्या फाडल्या. कोणाच्या पट्टीवर कोणाचं नाव अर्धं आलं. अकरा-अडतीस काही राहिलंच नाही.

ही चाल मुळात कोणाची, तेही तुला सांगते. सोळाव्या शतकात जर्मनीत विटेनबर्गला विद्यार्थी अशा वह्या घेऊन फिरत. आज या विद्यापीठात, उद्या त्या. आधी गुरूंच्या सह्या घेत, मग सोबत्यांच्याही घ्यायला लागले. आपल्याकडे सही मागायची ती मोठ्या माणसाची. गांधीजी सहीचे पाच रुपये घेत आणि ते हरिजन निधीत टाकत. मुलांनी कधीतरी मोठ्यांच्या सह्यांचा नाद सोडला आणि शेजारच्या बाकावरच्याची सही मागायला सुरुवात केली, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. ज्याच्याकडून काही मिळणार नाही त्याची सही. तर सांगायचं एवढंच की ही चाल गाव सोडून जाणाऱ्यांची आहे, आणि आपलं गाव तर येणाऱ्या-जाणाऱ्यांचंच. तेलंगणातून आले, उत्तर प्रदेशातून आले, खानदेशातून आले. इथे नाही रुजणार तर कुठे?

पालक : जाणाऱ्यांची चाल म्हणालात म्हणून आता माझं सांगतो. विटेनबर्गची ती मुलं शिकण्यासाठी जात होती. शिक्षण सुटलं म्हणून जाणं वेगळं. त्याला निरोप समारंभ नसतो, बाई. १९९८ च्या दिवाळीनंतर मी नववीतून गेलो. वडिलांचा हात मागात सापडला होता, घरात मोठा मीच. एका शनिवारी शाळेत जाऊन दाखला घेतला. शनिवार होता म्हणून सकाळची शाळा, वर्ग चालू होते. मी ऑफिसच्या खिडकीपाशी उभा. दाखला हातात मिळाला आणि सोमवारपासून मी कांड्या भरायला लागलो. पुढे माग चालवला, माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरच्या हाताखाली शिकलो, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी केली. त्या परीक्षेच्या शेवटच्या पेपरलाही बाहेर पोरं शर्टांवर लिहीत होती. मी साध्या कपड्यांत, एकवीस वर्षांचा. कोणाला सांगणार?

तो दाखला अजून माझ्याकडे आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलाय, घड्यांवर विरलाय. त्यात रकाने आहेत. प्रगती : समाधानकारक. वर्तणूक : चांगली. शाळा सोडण्याचे कारण : पालकांच्या विनंतीवरून. आणि खाली तीन सह्या. लिपिक, मुख्याध्यापक, वर्गशिक्षक. शाळेतल्या नऊ वर्षांत माझ्याविषयी कोणी लिहिलं ते एवढंच, आणि मला मिळालेल्या सह्या त्या तीन. त्यातली एक तुमची आहे, बाई.

बाई : मला आठवत नाही.

आठवतं असं म्हणाले असते तर तुला बरं वाटलं असतं, पण ते खोटं झालं असतं. दाखल्यांचा गठ्ठा तासाच्या मध्ये शिपाई घेऊन यायचा, मी खडूच्या हाताने सह्या करायचे. नाव वाचायचे की नाही, आज सांगता येणार नाही. ‘चांगली’ हा शब्दसुद्धा लिपिकाने आधीच लिहिलेला असायचा. तू वर्गात कुठे बसायचास ते आठवतं, खिडकीकडच्या रांगेत, तिसऱ्या बाकावर. पण तू गेलास तो दिवस माझ्याकडे नाही. सोमवारी हजेरीत तुझ्या नावावर लाल रेघ ओढली असणार, आणि पुढचं नाव घेतलं असणार.

पण मग एक विचारते, रागावू नकोस. अशा लिखाणाला काही अर्थ नाही असं तू म्हणत होतास. तो विरलेला कागद तू सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं प्लॅस्टिकच्या पिशवीत का ठेवलास? दहावी झाल्यावर त्याचा फारसा उपयोगही राहिला नव्हता. मला वाटतं, तुझी तक्रार ही चाल पोकळ आहे अशी नाहीच. ती भरीव आहे आणि तुझ्या वाट्याला आली नाही, अशी आहे.

पालक : शिक्षकांची ही सवय मला ठाऊक आहे. मुलाचा हरकतीचा मुद्दा त्याच्या दुःखात बसवला की मुद्द्याला उत्तर द्यावं लागत नाही. मला वाईट वाटलं, हे खरं. पण म्हणून माझं म्हणणं खोटं पडत नाही. म्हणणं असं आहे : ज्यांच्याकडे ती वही असते त्यांच्यासाठी ती आठवण असते. ज्यांच्याकडे नसते त्यांच्यासाठी ती एक रेघ होते, अलीकडे शाळा पुरी केलेले आणि पलीकडे आम्ही. आणि ती रेघ पुसत नाही. सात-आठ वर्षांपूर्वी आमच्या वर्गाने मोबाइलवर एकमेकांना शोधून काढलं. मोठं स्नेहसंमेलन केलं, एका फार्महाउसवर, सारख्या रंगाचे शर्ट घालून. ग्रुपचं नाव ‘दहावी ब, २०००’. मी नववीपर्यंत त्यांच्याबरोबर शिकलो, पण मी ‘दहावी ब’ नाही. शेवटी एकाने घेतलं मला, प्रेमानेच घेतलं. पण त्यांच्या गप्पा सुरू झाल्या की अर्ध्या निरोप समारंभाच्याच. कोण रडलं, कोणी कोणाच्या वहीत काय लिहिलं. मला त्यावर बोलायला काही नसतं.

आपल्या गावात नववी-दहावीच्या आत किती पोरं गळतात ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय. महापालिकेच्या बहुतेक शाळा आठवीच्या पुढे जात नाहीत. तिथून कोण गोदामात जातो, कोण मागावर, कोणाचं लग्न ठरतं. निरोप मिळतो तो शेवटपर्यंत टिकलेल्यांना. ज्याला निरोपाची खरी गरज आहे तो त्या दिवशी तिथे नसतोच.

बाई : रेघेचं तू म्हणालास ते मी घरी घेऊन जाणार आहे. त्यावर माझ्याकडे आज उत्तर नाही. पण ही वही रेघ ओलांडतेही, ते माझ्या स्वतःच्या वहीवरून सांगते. मी १९८४ च्या मार्चमध्ये दहावीला बसले. माझी वही हिरव्या रेक्झिनची होती, आत एक पान गुलाबी, एक पिवळं, एक फिकट निळं. वर्गात एक कोकणी मुसलमान मुलगी होती. तिने वही घरी मागितली, रात्रभर ठेवली आणि सकाळी परत केली. निळ्या पानावर मराठीत दोन वाक्यं, खाली उर्दूत सही. मग मे महिना आला. त्या मे महिन्यातल्या दंगलीत भिवंडीत काय झालं ते तुझ्या वडिलांनी तुला सांगितलं असेल. जूनमध्ये मी त्या पानावरच्या पत्त्यावर पत्र टाकलं. पत्त्यावर माणूस नाही, असा शेरा घेऊन ते परत आलं.

खूप वर्षांनी, मी नोकरीला लागल्यावर, एका प्रशिक्षणात उर्दू शाळेतल्या एक बाई शेजारी बसल्या होत्या. मी त्यांना ते पान दाखवलं. त्या म्हणाल्या, ‘अहो, ही एक सही नाही, दोन आहेत.’ एक माझ्या मैत्रिणीची. दुसरी वेड्यावाकड्या अक्षरातली तिच्या धाकट्या बहिणीची असावी, आडनाव तेच होतं. वही रात्रभर घरात होती, तेव्हा त्या चिमुरडीने कधीतरी आपलंही नाव घालून दिलं. मी त्या घरात कधी गेले नव्हते. त्या गल्लीतही नाही. आमच्याकडून कोणी त्या गल्लीत जात नसे. माझी वही मात्र तिथे एक रात्र राहून आली होती आणि घरातल्या लहान मुलीच्या हाताखालून गेली होती, आणि हे मला वर्षानुवर्षं ठाऊक नव्हतं.

पालक : आणि त्या वहीने काय थांबवलं, बाई?

बाई : काही नाही. वही काही थांबवत नाही. मी तसं म्हणणार नाही. पण त्यानंतर आमच्या आळीत कोणी ‘ते लोक’ म्हणून बोलायला लागलं की मला निळं पान दिसायचं. आता तर दोन सह्या दिसतात. एका माणसाच्या आयुष्यात एवढा फरक पडला. तो लहान आहे, मान्य. पण खरा आहे.

पालक : मग याचीच पुढची पायरी बघा. तुमची वही त्या गल्लीत गेली, कारण ती मुलगी तुमच्या वर्गात होती. आधी एक बाक होता, मग वही. आज माझ्या मुलीच्या वर्गात कोण आहे? महापालिकेच्याच शाळा मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू, गुजराती अशा वेगवेगळ्या माध्यमांच्या. ज्यांना परवडतं ते इंग्रजीत. एकाच रस्त्यावरची मुलं सकाळी पाच दिशांना जातात. माझ्या मुलीची वही अडतीस घरांत जाऊन येईल, पण ती सगळी घरं आमच्यासारखीच. पद्मनगरच्या तेलुगू वस्तीत तिची वही जाणार नाही, निजामपुऱ्याच्या मुसलमान वस्तीत जाणार नाही. उलट मोबाइलवर रीलच्या निमित्ताने का होईना, तिची उर्दू शाळेतल्या दोन मुलींशी ओळख झालीय. मेंदीची नक्षी एकमेकींना पाठवतात. म्हणजे गल्ली ओलांडायचं जे काम तुमच्या वहीने केलं ते आज फोन करतो आहे. मग वहीसाठी एवढं का थांबायचं?

बाई : फोनने ओळख होते, हे चांगलंच आहे. मला त्याचं वावडं नाही. पण फोन पुरतो का, याचा एक निकाल आपल्या डोळ्यांसमोर लागला. २०२० साली दहावीचा शेवटचा, भूगोलाचा पेपर २३ मार्चला व्हायचा होता. तो आधी पुढे गेला आणि मग रद्दच झाला. ती मुलं परीक्षेच्या मधूनच घरी गेली. पुढची तुकडी त्याहून कमनशिबी. जवळजवळ अख्खं वर्ष वर्ग फोनवर, परीक्षाही नाही, २०२१ चा निकाल अंतर्गत गुणांवर ९९.९५ टक्के. त्या मुलांकडे फोनशिवाय काही नव्हतंच. ग्रुप रात्रंदिवस चालू. एकमेकांचं सगळं ठाऊक. तुझ्या हिशेबाने त्यांना सहीची सगळ्यांत कमी गरज पडायला हवी होती.

गुणपत्रिका आणि दाखला घ्यायला ती शाळेत आली, तोंडाला मास्क लावून, दहा-दहाच्या गटाने. आम्ही सांगत होतो, कागद घ्या आणि निघा, गर्दी करू नका. निघेनात. फाटकाबाहेर झेरॉक्सच्या दुकानापाशी थांबली. दाखल्याच्या झेरॉक्स काढल्या आणि त्या कागदाच्या कोऱ्या बाजूवर एकमेकांच्या सह्या घेत उभी राहिली, पाठीवर कागद ठेवून, एकाच्या पाठीवर दुसऱ्याने. त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. दुकानदाराने स्लॅमबुक विकलं नव्हतं. एक मुलगी माझ्यापाशी आली, म्हणाली, ‘मॅडम, तुम्हीपण.’ मी म्हटलं, अगं, दाखला पाहून वर्गशिक्षक म्हणून सही केलीच आहे मी. ती म्हणाली, ‘ती शाळेसाठी केली. ही माझ्यासाठी करा.’

पालक : हे मला माहीत नव्हतं.

ठीक आहे. फोन आला म्हणून सही संपली, हे माझं म्हणणं मी मागे घेतो. एरवी एकाने तीन महिने रिचार्ज केलं नाही की नंबर जातो, वर्षाने तोच नंबर तिसऱ्याच माणसाला लागतो, हेही मी पाहिलं आहे. पण आता माझा प्रश्न जास्त अवघड झालाय, सोपा नाही. त्या मुलीने तुम्हाला जे सांगितलं तेच धरून बोलतो. एक सही शाळेसाठी असते, एक माझ्यासाठी. मला शाळेसाठीच्या तीन मिळाल्या. मग दुसरी कोणी, कधी द्यायची?

माझ्या मुलीच्या वर्गातली एक मुलगी नववीनंतर गेली. तिचे वडील ज्या कारखान्यात होते तिथले माग मालकाने भंगारात काढले, किलोवर. कुटुंब सुरतेला गेलं. मुलीने दाखला मे महिन्यात नेला, शाळेला सुट्टी होती. तीन ग्रुपांपैकी एकातही ती आता नाही. फोन वडिलांचा होता, त्यांनी नंबर बदलला. परवा मी लेकीला विचारलं, तिच्यासाठी कोणी काही लिहिलं का? ती म्हणाली, ‘पप्पा, ती तर गेली ना.’ बाई, हे ती दुष्टपणे बोलली नाही. तिला खरंच वाटतं की निरोप राहणाऱ्यांनी राहणाऱ्यांना द्यायचा असतो.

बाई : शाळेनेच तसं करायला हवं होतं. कोणी दाखला मागायला आलं की आधी त्याला वर्गात न्यायचं. तास थांबवायचा. पंधरा मिनिटं. एक कोरा कागद फिरवायचा. दाखल्याबरोबर तोही कागद द्यायचा. मी मुख्याध्यापकांना भेटते. माझं अजून थोडंफार ऐकतात.

पालक : नका, बाई. म्हणजे भेटा, पण परिपत्रक काढायला लावू नका. एकदा ते ‘उपक्रम’ झालं की त्याचा फोटो काढून वर पाठवावा लागेल, मग त्या कागदावरही रकाने येतील. ‘मित्रांचे अभिप्राय’ : समाधानकारक. आणि तासाच्या मध्ये शिपाई गठ्ठा घेऊन येईल. शिवाय प्रत्येकाला वर्गात जावंसं वाटेल असं नाही. त्या शनिवारी तुम्ही मला वर्गात नेलं असतंत तर मी आलो असतो का, सांगता येत नाही. वडिलांची बोटं गेली म्हणून मी चाललोय, हे चाळीस जणांसमोर उभं राहून... खिडकीपाशी उभं राहणं त्यापेक्षा सोपं होतं.

बाई : मग नियम केला तर ते मरतं आणि नाही केला तर तुझ्यासारखा राहून जातो. मुलांवर सोडावं तर मुलं अकरा आणि अडतीस करतात. शिक्षकांवर सोडावं तर शिक्षक खडूच्या हाताने सह्या करतो. मी कापडाची गोष्ट तुला अभिमानाने सांगितली, पण आता आठवते तर त्या चार बाकांभोवतीही तीच मुलं होती जी त्या दिवशी हजर होती. जी आधी गेली त्यांची आठवण मलाही झाली नव्हती.

तुझ्या मुलीला सांगशील का? स्लॅमबुकमधलं एक पान त्या सुरतेच्या मुलीसाठी कोरं ठेव म्हणून.

पालक : कोरं पान कशाला? कोरं पान ठेवून माझ्या मुलीला बरं वाटेल. त्या मुलीच्या हातात काय पडेल? लिहायचं तर तिच्यासाठी लिहायला हवं, आणि तिथपर्यंत पोचवायला हवं. पत्ता नाही. वडिलांचं नाव ठाऊक आहे, ते जॉबर आहेत हे ठाऊक आहे. सुरतेत माग केवढे, आणि जॉबर किती!

बाई : पण जॉबर जॉबरला ओळखतो. तू अजून त्या धंद्यात आहेस. दाखला सुरतेच्या कुठल्या शाळेत दिला ते आमच्या ऑफिसात कळू शकतं, नवी शाळा कधीकधी पडताळणीचं पत्र पाठवते. मी उद्या विचारते.

पालक : आणि तिने दुसऱ्या शाळेत नाव घातलंच नसेल तर?

बाई : तर पत्र आलेलं नसेल.

पालक : विचारा. मी ताण्याला खळ लावणाऱ्या आमच्या साइझिंगवाल्याला फोन करतो, त्याचं ताण्याचं बीम सुरतेला जातं. पण लेकीला आधीच काही सांगू नका. पत्ता लागला नाही आणि अडतीस जणांनी लिहून ठेवलेलं आमच्याच घरात पडून राहिलं, तर ते मी तिला काय म्हणून सांगू, ते मला अजून कळत नाही.